खेळांची लोकप्रियता आणि माणसाची आवड

राज्यें उदयास येतात व लयास जातात, वेष पालटतात, भाषेंत नवे शब्द शिरतात व जुने गळून पडतात, हें इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. खेळांनाहि हाच उदयास्ताचा नियम लागू आहे. परंतु त्यांच्या उदयास्ताची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. लढाईची तिथि बखरींत सांपडते. अमुक एक खेळ घराघरांतून केव्हां उठून गेला, याची तिथि कोठेंच सांपडत नाहीं. शेवटचा डाव मांडणारांनाहि तो शेवटचा आहे हें ठाऊक नसतें. पट गुंडाळला जातो, माळ्यावर जातो, आणि पुन्हां खालीं येत नाहीं, इतकेंच काय तें घडतें.

हा विषय आज नव्यानें विचारांत घेण्याचें कारण असें कीं, पूर्वीं जो फेरफार दोन-तीन पिढ्यांत होई, तो आतां दोन-तीन वर्षांत होऊं लागला आहे. मोबाइलवरील ज्या व्हिडिओ गेमपायीं घरांतील मुलगा गेल्या वर्षीं जेवणाचें भान विसरत होता, त्याच खेळाकडे तो आज ढुंकूनहि पाहत नाहीं. वडील म्हणतात, मुलगा चंचल आहे. कोणत्याच गोष्टींत त्याचें मन टिकत नाहीं. सोबती म्हणतात, हा मागें पडला. मुलालाहि कधीं कधीं वाटतें कीं, जें सर्वांना आवडतें तें आपणांस आवडेनासें झालें, तेव्हां आपल्यांतच कांहीं उणें असावें. हे तिन्ही निर्णय घाईचे आहेत. लोकप्रियता आणि आवड या दोन निराळ्या वस्तु आहेत. त्यांचा उगम निराळा, त्यांचें आयुष्यहि निराळें. महाराष्ट्रांतील खेळांचा इतिहास पाहिला तर हा भेद स्पष्ट होतो.

नागपूर शहर या विचारास सोईचें आहे. येथील उन्हाळा सर्वश्रुत आहे. पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला कीं दुपारीं रस्ते ओस पडतात, आणि महालांतील वाडा असो कीं धंतोलीचा बंगला असो, मुलेंमाणसें दारें लावून आंत बसतात. अशा शहरांत बैठ्या खेळांना मान मिळावा हें स्वाभाविकच होय. सुट्टी तीच, दुपार तीच. तिच्यांत मांडलेला खेळ मात्र पिढीगणिक निराळा. सोंगट्यांच्या जागीं पत्ते आले, पत्त्यांच्या शेजारीं कॅरम आला, मग दूरचित्रवाणीस जोडण्याचें यंत्र आलें, आणि शेवटीं प्रत्येकाच्या हातांत मोबाइल आला.

प्रथम एका मावळलेल्या खेळाचें उदाहरण घ्यावें. गंजिफेचा खेळ मोगलांच्या काळीं हिंदुस्थानांत रूढ झाला. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफेचीं पानें पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अकबराच्या काळीं अबुल फझलानें आपल्या ऐन-इ-अकबरींत या खेळाचें वर्णन केलें आहे. पुढें इकडील कारागिरांनीं या परक्या खेळास आपलेंसें करून त्यास दशावतारांचें रूप दिलें. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशीं बारा पानें. एकूण पानें १२०. हीं पानें वाटोळीं असत, चितारी लोक तीं हातानें रंगवीत व त्यांवर लाखेचा थर देत. दिवसा खेळतांना रामाच्या रंगास अग्रमान, रात्रीं कृष्णाच्या. कोणतें पान केव्हां पडलें हें ज्याच्या ध्यानांत राहील, तोच या खेळांत टिकावयाचा.

असा खेळ मागें कां पडला? तो नीरस होता म्हणून नव्हे. युरोपांतून चार रंगांचे, बावन्न पानांचे, यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते आले. हातानें रंगविलेल्या जोडास जें मोल पडे, त्याच्या अंशमात्रांत तो जोड मिळूं लागला. शिकण्यास तो सोपा, खिशांत मावणारा, आगगाडीच्या डब्यांतहि खेळतां येणारा. प्रथम कांहीं थोड्या लोकांनीं गंजिफा सोडली. मग ज्यांना ती आवडत होती त्यांना भिडू मिळेनासे झाले. आणि भिडूच नाहींत म्हटल्यावर आवड असूनहि जोड पेटींत ठेवावा लागला. येथें ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, लोकप्रियता संगतीवर जगते. खेळ चांगला असणें तिला पुरत नाहीं. पांच घरांपैकीं चार घरांनीं खेळ सोडला कीं पांचव्या घराची आवड निराधार होते.

परंतु आवड निराधार झाली तरी ती मरतेच असें नाहीं. सावंतवाडी येथें गंजिफेची कला नामशेष होण्याच्या बेतांत असतां, शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले या राजदंपतीनें १९७० नंतरच्या दशकांत तिचा जीर्णोद्धार केला. जुन्या चिताऱ्यांपाशीं जें ज्ञान उरलें होतें तें त्यांनीं शिकून घेतलें व नव्या हातांना शिकविलें. राजवाड्याच्या दरबारांतच चितारी पानें रंगवीत बसूं लागले. २०२४ सालीं सावंतवाडीच्या गंजिफेस भौगोलिक मानांकन मिळालें. गंजिफा यामुळें पुन्हां लोकप्रिय झाली, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु दोन व्यक्तींच्या आवडीनें एक खेळ काळाच्या मुखांतून परत आणला, हें सत्य आहे. येथें लोकप्रियता कांहीं करूं शकली नाहीं. जें केलें तें आवडीनें केलें.

सावंतवाडीच्या पानांवर उतरती कळा आली त्याच सुमारास दूर जपानांत पानांचाच दुसरा एक इतिहास घडत होता. पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत तेथें पत्ते नेले होते. जुगार वाढला म्हणून जपानी शासनानें वेळोवेळीं त्यांवर बंदी घातली. आणि प्रत्येक बंदीनंतर कारागिरांनीं नव्या चित्रांचा नवा जोड काढला. त्यांतूनच बारा महिन्यांच्या फुलांचा, ४८ पानांचा हानाफुदा हा खेळ सिद्ध झाला. १८८९ सालीं क्योतो नगरांत फुसाजिरो यामाउची नांवाच्या गृहस्थानें हीं पानें तयार करण्याचें दुकान काढलें. त्या दुकानाचें नांव निन्टेन्डो. लोकांची रुचि पालटतांच या दुकानानें आपला मालहि पालटला. पत्त्यांनंतर खेळणीं, खेळण्यांनंतर विजेचे खेळ, आणि अखेर व्हिडिओ गेम, असा त्याचा प्रवास झाला. हानाफुदाचीं पानें मात्र तें आजहि काढतें. पत्ते आणि व्हिडिओ गेम हीं दोन जगें परस्परांस परकीं नाहींत, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाहीं.

व्हिडिओ गेमचा स्वतःचा इतिहासहि लोकप्रियतेच्या चढउतारांनीं भरलेला आहे. अमेरिकेंत १९७२ सालीं अटारी या संस्थेनें ‘पाँग’ हा टेनिससारखा साधा खेळ काढला. जपानांत १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० सालीं ‘पॅक-मॅन’ आला. आणि पाहतां पाहतां या खेळांचें वेड पसरलें. वेड पसरलें तसे नफेखोरहि धांवले. एका यशस्वी खेळाच्या दहा नकला निघाल्या, घाईघाईनें केलेला माल दुकानांत रचला गेला. १९८२ च्या नाताळांत एका गाजलेल्या चित्रपटावरून रचलेला ‘ई. टी.’ हा खेळ विक्रीस आला व सपशेल फसला. पुढील वर्षीं अटारीनें न खपलेल्या कॅसेटींचे ढीग न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो गांवीं जमिनींत पुरले. हें कित्येक वर्षें दंतकथेप्रमाणें सांगितलें जाई. २०१४ सालीं तेथें उत्खनन झालें आणि त्या कॅसेटी खरोखरच हातीं लागल्या. अमेरिकेंतील या धंद्याची उलाढाल १९८३ सालीं सुमारें ३२० कोटि डॉलर होती. १९८५ पर्यंत ती सुमारें १० कोटींवर घसरली. व्हिडिओ गेमचे दिवस संपले, असें त्या वेळीं शहाण्या व्यापाऱ्यांनीं ठरवून टाकलें. परंतु १९८५ सालींच निन्टेन्डोचें यंत्र अमेरिकेंत आलें, ‘सुपर मारिओ’ आला, आणि तींच मुलें पुन्हां पडद्यापुढें बसलीं. लोकांचा कंटाळा खेळांविषयीं नव्हता. त्याच त्या खेळाच्या निःसत्त्व नकलांविषयीं होता. कंटाळा हाहि पुष्कळदां रुचि जिवंत असल्याचाच पुरावा असतो.

आपल्याकडे हीं यंत्रें १९९० नंतर मध्यमवर्गीय घरांत शिरलीं. तीं बहुतेक जपानी यंत्राच्याच नकला असत. एका कॅसेटींत ९९९९ खेळ आहेत, असें वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेलें असे. प्रत्यक्षांत तेच वीस-पंचवीस खेळ थोड्या फरकानें पुन्हां पुन्हां येत. तरीहि उन्हाळ्याच्या सुट्टींत शेजारपाजारचीं मुलें एका घरीं जमत, आणि मारिओ वा कॉन्ट्रा खेळतांना दोघांच्या हातांत यंत्र व सहांच्या तोंडांत सूचना, असा प्रकार चाले. पुढें संगणक आले, तासावर पैसे घेणारीं सायबर कॅफे आलीं, नोकियाच्या मोबाइलवर शेपटी वाढत जाणारा साप आला. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट स्वस्त झालें, आणि खेळाची बैठक घरांतून उठून दूरच्या, न पाहिलेल्या भिडूंपर्यंत पसरली.

या नव्या बैठकीचा राजा ठरला तो ‘पबजी’. मोबाइलवर तो २०१८ सालीं आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरावयाचे, आणि शेवटीं उरेल तो जिंकावयाचा, एवढाच त्याचा गाभा. या खेळाचें खरें आकर्षण बंदुकींत नव्हतें. चार मित्रांनीं आपआपल्या घरीं बसून एकमेकांशीं बोलत खेळावें, यांत होतें. गलवानच्या चकमकीनंतर भारत सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं ११८ अॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होता. त्याची जागा घेण्यासाठीं २६ जानेवारी २०२१ रोजीं ‘फौजी’ नांवाचा देशी खेळ मोठ्या गाजावाजानें निघाला. पहिल्या दिवसांत त्यावर उड्या पडल्या. परंतु थोड्याच अवधींत पुष्कळांनीं तो काढून टाकला, कारण प्रारंभीं त्यांत मित्रांसह परस्परांविरुद्ध खेळण्याची सोयच नव्हती. देशाभिमानानें लोक खेळापर्यंत आले. खेळांत मन रमविणें हें मात्र अभिमानाला साधलें नाहीं. २ जुलै २०२१ रोजीं पबजीच नव्या नांवानें परतला, जुलै २०२२ मध्यें तोहि दुकानांतून काढण्यांत आला, व मे २०२३ मध्यें पुन्हां आला. जपानांतील पत्त्यांची जी कथा शतकांत घडली, ती येथें तीन वर्षांत घडली. एक फरक मात्र झाला. या मधल्या काळांत कित्येक चौकड्या फुटल्या. कोणी परीक्षेस लागला, कोणी नोकरीस पुण्याबंगळुरास गेला. खेळ परत आला तेव्हां भिडू पांगले होते. आपली आवड गेली, असें ज्यांना वाटलें, त्यांतील पुष्कळांची वास्तविक संगतच गेली होती.

याच्या उलट उदाहरण सोंगट्यांचें. सारीपाटाच्या पटाला चार भुजा असतात, प्रत्येक भुजेंत चोवीस घरें, चौघांच्या सोळा सोंगट्या. दान कवड्यांचें वा फाशांचें. इंग्रजांनीं हा खेळ येथें पाहिला, त्यांतील गुंता कमी केला, कवड्यांच्या जागीं चौकोनी फांसा आणला, आणि १८९६ सालीं इंग्लंडांत ‘लुडो’ या नांवानें त्याचें पेटंट घेतलें. तो लुडो परत हिंदुस्थानांत आला व पुठ्ठ्याच्या पटावर मुलांच्या हातीं पडला. २०१६ सालीं नवी मुंबईच्या गेमेशन या संस्थेनें त्याचें ‘लुडो किंग’ नांवाचें मोबाइल रूप काढलें. आणि २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी पुकारली गेली तेव्हां देशभर घरांत अडकलेल्या लोकांनीं त्यावर गर्दी केली. नागपूरची आजी, पुण्याचा मुलगा व अमेरिकेंतील नात एका पटावर बसूं शकलीं. आजीला नवा खेळ शिकावा लागला नाहीं, हें त्या यशाचें मर्म होय. गंजिफेला जें लाभलें नाहीं, तें सोंगट्यांना वेषांतर करून लाभलें.

या उदाहरणांवरून रुचि ओसरण्याचीं कारणें वेगळीं काढतां येतात. पहिलें कारण संगत पांगणें. तें वर आलेंच आहे. दुसरें कारण नकलांचा उबग. तिसरें कारण आजच्या खेळांत विशेष दिसतें. पूर्वींचा पट मांडला नाहीं तर पट कांहीं विचारीत नसे. आतांचे कित्येक लोकप्रिय खेळ रोज हजेरी मागतात. आज आलास तर बक्षीस, उद्यां खाडा केलास तर नुकसान. दर दोन-तीन महिन्यांनीं नवा हंगाम, नवे पोषाख, नवी खरेदी. खेळाडूस मग खेळांत रस वाटत नाहीं, तरी हजेरी चुकेल या भीतीनें तो येत राहतो. खेळाचें असें चाकरींत रूपांतर झालें कीं चांगल्या रुचीचा मनुष्य त्यांतून उठतो. याला चंचलपणा म्हणणें अन्यायाचें होईल.

खरी काळजी वाटावी ती न उठणाराबद्दल. आवड संपली आहे, आनंद उरलेला नाहीं, झोप व अभ्यास बुडतो आहे, आणि तरीहि हात सुटत नाहीं, ही अवस्था निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत तिला स्वतंत्र स्थान दिलें असून तें १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. स्वतःवरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींपेक्षां खेळ वरचढ होणें, आणि हानि दिसत असतांहि खेळत राहणें, अशीं तिचीं लक्षणें सांगितलीं आहेत. व तीं साधारणतः वर्षभर दिसलीं तर निदान करावें, असें म्हटलें आहे. धर्मराजाच्या द्यूताची कथा ठाऊक असलेल्या देशास हें नवें वाटूं नये. म्हणून सुशिक्षित घरांतील वडील मंडळींनीं मुलाची पारख करतांना, त्यानें कोणता खेळ सोडला याची चिंता करण्यापेक्षां, नको झालेला खेळ त्याला सोडतां येतो कीं नाहीं, हें पाहावें.

आतां आवडीच्या बाजूचें एक उदाहरण नागपुरांतच आहे. २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बातुमी येथें नागपूरची दिव्या देशमुख ही एकोणीस वर्षांची मुलगी कोनेरू हम्पी हिला बरोबरी-निवारक डावांत हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकती झाली, आणि त्याच विजयानें भारताची ८८ वी ग्रँडमास्टर ठरली. याच शहरांतील रौनक साधवानी २०१९ सालीं आणि संकल्प गुप्ता २०२१ सालीं ग्रँडमास्टर झाले होते. हीं तिन्ही मुलें ज्या वर्षांत पटावर घडलीं, त्याच वर्षांत मोबाइलवरील खेळांचे एकामागून एक पूर येऊन ओसरत होते. त्यांच्या वयाच्या मुलांत बुद्धिबळ हा कांहीं सर्वांत लोकप्रिय खेळ नव्हता. त्यांना जें आवडलें तें त्यांनीं धरून ठेवलें.

बुद्धिबळ हा तरी जसाच्या तसा राहिला आहे काय? तसेंहि नाहीं. जुन्या देशी पद्धतींत प्याद्याला पहिल्या खेळींत दोन घरें जाण्याची मुभा नसे, आणि राजाला डावांत एकदां घोड्याप्रमाणें उडी घेतां येई. आंतरराष्ट्रीय नियम रूढ होतांच ती पद्धति विसाव्या शतकांत मागें पडली. १९९७ सालीं ‘डीप ब्लू’ या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हास हरविलें, तेव्हां आतां या खेळांत काय राहिलें, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यानंतरच्या पिढींतच नागपूरचे हे तिघे झाले, आणि त्याच संगणकाला त्यांच्या पिढीनें आपला शिक्षक केला. २०२० च्या अखेरीस एका इंग्रजी मालिकेमुळें जगभर बुद्धिबळाची लाट आली. लाट येण्यापूर्वीं जे पटावर बसत होते, ते ती ओसरल्यावरहि बसलेलेच आहेत.

व्हिडिओ गेममध्यें अशी आवड संभवत नाहीं, असें मानणें चुकीचें होईल. मॉस्कोंत १९८४ सालीं अलेक्सी पाजितनोव्ह यानें रचलेला ‘टेट्रिस’ हा वरून पडणारे तुकडे जुळविण्याचा खेळ घ्यावा. त्यांत कथा नाहीं, पोषाख नाहींत, हंगाम नाहींत. १९८९ सालच्या यंत्रावरील त्याच्या जुन्या आवृत्तीचा अखेरचा टप्पा, जेथें यंत्रच थिजून बंद पडतें, तो प्रथम गांठला अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें, २०२३ च्या डिसेंबरांत. तो खेळ त्याच्या जन्मापूर्वीं दोन दशकांहून अधिक काळ आधींचा होता. इकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधीत निघालेल्या एका बहिणीची ती कथा. तिच्या मागें पुराणांतील देवदेवता आणि राजस्थानांतील महालांची स्थापत्यशैली. लुडो किंगसारखी गर्दी त्याच्या वांट्यास येणें शक्यच नव्हतें. परंतु ज्यांना मंद गतीचें, चित्रमय, एकट्यानें अनुभवण्याचें कथानक आवडतें, अशा खेळाडूंना तो आपल्यासाठींच केल्यासारखा वाटला. रुचीचें असें वैविध्य असणें हें कोणत्याहि कलेच्या प्रौढपणाचें लक्षण आहे. ज्याला कादंबरी आवडते त्याला नाटकाचा कंटाळा असूं शकतो. मग गोळीबाराच्या खेळाचा कंटाळा आलेल्यानें कोडीं सोडवीत बसावें, यांत नवल तें कोणतें?

या विषयाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सर्वांत गंभीर आहे. गंजिफा लोकांच्या मनांतून उतरली तरी तिचीं पानें पेटींत राहिलीं. म्हणूनच सावंतवाडीस तिचा जीर्णोद्धार शक्य झाला. आजच्या पुष्कळशा खेळांची स्थिति तशी नाहीं. ते खेळाडूच्या घरांत नसतात; करणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रावर असतात. २००९ सालीं फेसबुकवर निघालेल्या ‘फार्मव्हिल’ या शेतीच्या खेळानें लोकांना अक्षरशः रात्रीं गजर लावून पिकें काढण्यास उठविलें होतें. ३१ डिसेंबर २०२० रोजीं तो बंद झाला, आणि तीं शेतें कोठेंहि उरलीं नाहींत. ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ सालीं लोकांनीं पैसे देऊन विकत घेतला होता. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें आपलीं यंत्रें बंद केलीं, तेव्हां विकत घेतलेल्या तबकडीचाहि उपयोग राहिला नाहीं. त्यांतून युरोपांत खेळाडूंची एक चळवळ उभी राहिली. विकलेला खेळ कंपनीनें पुढें खेळतां येईल अशा स्थितींत ठेवला पाहिजे, अशी तिची मागणी असून, तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. खेळ कितीहि क्षुल्लक वाटो. जी वस्तु कोट्यवधि लोकांच्या बाळपणाचा भाग झाली, ती एका व्यापारी निर्णयानें निःशेष पुसली जावी कीं नाहीं, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

लोकप्रियता सरल्यावर खेळाचा वारसा सांभाळणारे नेहमीं थोडेच असतात. मोक्षपटाचे जुने कापडी पट, सोंगट्यांचे फांसे, गंजिफेचे डबे, आणि आतां जुन्या कॅसेटी व यंत्रें जपून ठेवणारीं माणसें शेजाऱ्यांस विक्षिप्त वाटतात. परंतु पन्नास वर्षांनीं इतिहास लिहिणाऱ्यास त्यांच्याच दारीं जावें लागेल. ज्यांच्या घरीं असे पट वा पेट्या अद्याप असतील, त्यांनीं त्या रद्दीबरोबर देण्यापूर्वीं घरांतील वृद्धांकडून खेळाचे नियम लिहून घ्यावेत. कारण पट वस्तुसंग्रहालयांत टिकतो, नियम मात्र खेळणाराबरोबरच जातो.

मुलांच्या बाबतींत इतकें सांगणें पुरेसें आहे. सर्वांनीं खेळला म्हणून एखादा खेळ खेळून पाहण्यांत दोष नाहीं. जगाशीं परिचय तसाच होतो. त्यांत रस उरला नाहीं तर तो शांतपणें सोडून द्यावा, आणि जो खेळ खरोखर आवडतो तो, भिडू एकच मिळाला तरी, मांडीत राहावा. नागपूरच्या दुपारा लांब असतात. त्यांत गर्दीबाहेरच्या एका पटाला जागा सहज होते.